बारखालचे हात

रेटो पुन्हा कसरतीच्या आडव्या बारला लटकूनच राहिला.

मोठा झोका घेऊन तो वर गेला, पाय आढ्याकडे फेकले, आणि ज्या क्षणी हात सोडून बारच्या वरून कोलांटी मारायची आणि बार पुन्हा पकडायचा, नेमक्या त्याच क्षणी त्याच्या मुठी बारवर आवळल्या गेल्या. अंग हवेत उसळलं आणि हिसका खाऊन खाली आलं. बार करकरला. मग झोके लहान होत गेले आणि शेवटी तो नुसता लोंबकळत राहिला, खाली बघत.

"सोड!" उर्स ओरडला. उर्स म्हणजे संघाचा प्रशिक्षक. "झोपेत करायचास तू ही उडी! अजून कशाची वाट बघतोयस?"

रेटो उतरला. हातावरची पांढरी पूड झटकली, चामडी पट्टे सोडले आणि कुणाकडेही न बघता सरळ माझ्या खोलीत येऊन टेबलावर बसला.

"वसुधा, हात बघ माझा. सुटत नाही."

मी मूळची मिरजेची. फिजिओथेरपी शिकून, लग्न होऊन स्वित्झर्लंडला आले आणि फिरतफिरत या डोंगरावरच्या प्रशिक्षण केंद्रात पोहोचले. जिम्नॅस्ट मुलांचे घोटे, खांदे, मनगटं यांत माझी बरीच वर्षं गेली. मराठी माणसाला वाटावं तितकी ही माणसं थंड नसतात. अंगाला हात लावला की बोलतात. रेटो मात्र कमी बोलणाऱ्यांतला. बर्नकडच्या डोंगराळ भागातला, गुराख्याच्या घरचा मुलगा. गावच्या व्यायाम मंडळात कोलांट्या मारता मारता कोवळ्या वयात इथं आला आणि इथंच मोठा झाला. आता अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे या खेळात म्हाताराच. संघाचा आधार होता तो, पण स्वतःच्या नावावर मोठं पदक नव्हतं. दोनदा चौथा आला होता. त्या वसंतातल्या युरोपीय स्पर्धा ही त्याची शेवटची संधी आहे, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

मी त्याचं मनगट फिरवून पाहिलं, कोपर पाहिलं, मानेच्या नसा तपासल्या. माझ्या बोटांवर मूठ आवळायला सांगितली, उघडायला सांगितली. मूठ लहान मुलाच्या मुठीसारखी सहज उघडली.

"हाताला काही झालेलं नाही, रेटो."

"तेच डॉक्टर म्हणाले. फोटोही काढले."

"मग?"

तो भिंतीकडे बघत राहिला. "उद्या उर्स संघाची नावं कळवणार आहे," एवढंच म्हणाला.

आदल्या शरद ऋतूत आमच्या केंद्रात एक अपघात झाला होता. लिव्हिओ नावाचा मुलगा, तिचिनोकडचा, इटालियन बोलणारा, सदा हसरा. संघातला सगळ्यांत हुशार. हीच उडी तो फोमच्या खड्ड्यावर महिनोन्महिने करत होता. खड्ड्यात पडलं तर काही होत नाही. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा ती खऱ्या बारवर, खऱ्या गादीवर करायची होती. उर्स पलीकडे लटकत्या रिंगांजवळ होता. लिव्हिओनं रेटोला हाक मारली, "ये, खाली उभा राहा." रेटो उभा राहिला. लिव्हिओचे हात बारला लागलेच नाहीत. तो खाली आला, रेटोनं झेप घेऊन त्याला धरलं, आणि दोघंही गादीवर कोसळले. रेटो उठला. लिव्हिओची मान मोडली होती. खांदे, दंड थोडे हलत होते. बाकी शरीर गेलं होतं.

रेटोनं झेप घेतलेली सगळ्यांनी पाहिली होती. रेटोनं वेग कमी केला म्हणून पोराचा जीव तरी वाचला, असं जो तो म्हणत होता. वर्तमानपत्रांतही तसंच आलं. गावात त्याचा सत्कार करायचं घाटत होतं. त्यानं तो होऊ दिला नाही, तेव्हा लोक म्हणाले, किती साधा मुलगा!

"रेटो," मी म्हणाले, "लिव्हिओला भेटलास का तू? घरी गेल्यापासून?"

त्याच्या दंडाचा स्नायू माझ्या हाताखाली दगडासारखा झाला.

"नाही."

"का?"

बाहेर कुणीतरी कसरतीच्या लाकडी घोड्यावर सराव करत होतं, त्याचे तळहात लाकडावर आपटल्यासारखे वाजत होते.

"मी धरलं नसतं तर तो उठला असता," रेटो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"तो सपाट येत होता, वसुधा. छातीवर. आम्ही सगळे कधी ना कधी तसे पडलोय. श्वास जातो, बरगड्या दुखतात, शिव्या देत उठतो. मी त्याचा दंड धरला. एक हात दंडाला, दुसरा बनियनला. आणि माझ्या हातात तो फिरला. डोकं खाली गेलं. मला ते हातात जाणवलं." त्यानं दोन्ही तळवे वर केले. "आणि हे लोक मला शाबासकी देतात."

"त्या क्षणात असं काही कळतं का कुणाला?"

"आमचा सगळा खेळच त्या क्षणाचा आहे. आम्हाला कळतं."

मी टॉवेल घडी करत राहिले. शेवटी तोच म्हणाला, "मला त्याला सांगायचंय. एकट्याला जायला जमत नाही. तू येशील?"

लिव्हिओचे घोटे मीच सांभाळले होते. त्याची आई ग्राझिएला मला ओळखत होती. मी उर्सकडे गेले आणि नावं कळवायला दोन दिवस थांब म्हणून सांगितलं. उर्स तोंडानं फटकळ, पण माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हाताचं आहे की डोक्याचं?"

"दोन्हीचं नाही."

"मग कशाचं?"

"थांबशील की नाही, ते सांग."

तो थांबला.

लिव्हिओच्या गावाला, बेलिन्झोनाला जाणारी गाडी डोंगराच्या पोटातून बराच वेळ अंधारात जाते आणि पलीकडे निघते तेव्हा हवाही बदललेली असते, भाषाही. वाटेत रेटो काय सांगायचं त्याची मनातल्या मनात उजळणी करत असावा, कारण मधूनच त्याचे ओठ हलत होते.

दार ग्राझिएलानं उघडलं. लहानखुरी बाई, केस घाईत बांधलेले, हाताला लसणाचा वास. तिनं आधी मला मिठी मारली. मग रेटोकडे वळली, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, आणि मी काही करायच्या आत वाकून त्यांचं चुंबन घेतलं.

"या हातांनी माझं पोर मला परत दिलं," ती म्हणाली.

रेटोला इटालियन फारसं येत नव्हतं. हे मात्र कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सिन्योरा, तुम्ही..." एवढंच त्याच्या तोंडून आलं.

"आत जा, आत जा. तो सकाळपासून वाट बघतोय. मी जेवणाचं बघते."

लिव्हिओ खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. खांदे उतरले होते, पण चेहरा तसाच होता, तरणाबांड. बोटं मिटत नव्हती. मनगटाला बांधलेल्या पट्ट्यात एक काठी खोचून तो समोरच्या संगणकाची बटणं दाबत होता.

"आलास," तो म्हणाला. "बरेच दिवस लागले तुला."

"हो."

"बस ना. वसुधा, तूही बस. मला मान वर करून बोलायला त्रास होतो."

आम्ही बसलो. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. रेटोनं पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तो एकदम रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबून, खांदे हलवत. रडता रडताच त्यानं सांगितलं. दंड, बनियन, हातात फिरलेलं अंग. मी धरलं नसतं तर तू उठला असतास.

लिव्हिओनं मधे एकदाही अडवलं नाही. रेटोचं संपल्यावर म्हणाला, "माहीत आहे."

"काय?"

"मला माहीत आहे. मी छातीवरच येत होतो. तुझा हिसका बसला तो मला कळला. पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

लिव्हिओच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता.

"मग तू कुणाला बोलला का नाहीस?" रेटोनं विचारलं.

लिव्हिओनं हनुवटीनं स्वयंपाकघराकडे खूण केली. "तिच्यासाठी. या सगळ्यात कुणीतरी चांगलं वागलं, एवढं तिला हवंय. नाहीतर ती उभी राहायची नाही. तिला एक शब्द बोललास तर याद राख."

"नाही बोलणार."

"आणि माफी मागायला आला असशील तर ती माझ्याजवळ नाही. तू इथं येऊन माझ्या मांडीवर ओझं टाकलंस आणि स्वतः हलका व्हायला बघतोयस. मला आधीच खूप उचलावं लागतं, रेटो. जेवायचा चमचासुद्धा."

"मी त्यासाठी नाही आलो."

"मग कशासाठी आलास? उर्सचा फोन आला होता मला. बारला लटकून बसतोस म्हणे. हात सोडत नाहीस." आता मात्र त्याचा आवाज चढला. "तुझे हात चालतात. माझे चालत नाहीत. आणि तू ते बारला चिकटवून बसलायस. याचा मला किती राग येतो, ठाऊक आहे? जा, उडी मार. पड, मर, काय वाटेल ते कर. पण मला कारण करू नकोस."

ग्राझिएला पास्त्याचं मोठं भांडं घेऊन आत आली. रेटोचे लाल डोळे पाहून तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "रडू दे त्याला," ती आम्हाला म्हणाली. "मनाचा चांगला आहे." मग तिनं त्याच्या ताटात सगळ्यांपेक्षा जास्त वाढलं, आणि त्यानं ते सगळं खाल्लं. त्याला एकेक घास गिळताना बघणं मला जड गेलं.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "रागावलेला आहे तो. रागात माणूस..."

"खरं बोलला," रेटो म्हणाला. "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी फोमच्या खड्ड्यावर त्याचे हात सुटले. आठवड्याभरानं गादीवर सुटले. उर्सनं नावं कळवली. मला वाटलं, सुटला बिचारा. पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची एकही खूण नव्हती. खायचा, सराव करायचा, झोपायला जायचा. हसणं गेलं ते गेलंच.

युरोपीय स्पर्धा त्या वर्षी जर्मनीत होत्या. रेटो बारच्या अंतिम फेरीत पोहोचला. या वेळी त्याला पदकाची खरी आशा होती. फेरीआधी आत सराव चालू असताना तो उर्सजवळ गेला.

"तू खाली उभा राहू नकोस."

"नियमानं एक माणूस उभा राहू शकतो, आणि मी राहणार."

"मग राहा. पण मला हात लावायचा नाही. मी कसाही पडलो तरी."

"वेडा आहेस का? हे माझं काम आहे."

"उर्स, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

उर्सनं माझ्याकडे पाहिलं. त्याला किती कळलं, मला माहीत नाही. त्यानं होकारार्थी मान हलवली.

रेटो बारवर गेला. सुरुवात देखणी झाली. पाय जोडलेले, अंग सरळ, झोका लांब. सभागृहात त्याच्या देशाचे लोक बरेच होते, ते टाळ्यांचा ठेका धरू लागले. मग तो मोठ्या झोक्यानं वर गेला, हात सुटले, बारच्या वरून कोलांटी झाली, आणि हात खाली आले तेव्हा बार तिथं नव्हता. बोटभर पुढे राहिला होता.

तो सपाट खाली आला. छातीवर. उर्सचे हात आपोआप पुढे आले आणि अर्ध्यातच थांबले. गादीवर एखादं पोतं आदळल्यासारखा आवाज झाला. टाळ्या बंद पडल्या. मी उभी राहिले होते.

रेटोची बोटं हलली. मग कोपर. त्यानं एकदा घशातून आवाज काढून श्वास ओढला, गुडघ्यांवर आला, उठून उभा राहिला. सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लोकांना वाटलं, किती धीराचा! तो मात्र टाळ्या ऐकतच नव्हता. मान खाली घालून गादीकडे बघत होता. जिथं पडला त्या जागेकडे. पुन्हा चढायला थोडाच वेळ मिळतो. उर्स हळूच म्हणाला, "रेटो. वेळ." तेव्हा तो भानावर आला, उर्सनं त्याला बारपर्यंत उचललं, आणि त्यानं तीच उडी पुन्हा मारली. या वेळी बार हातात आला. पुढचं सगळं त्यानं कुठंही न डगमगता पुरं केलं.

गुणांत तो शेवटचा आला.

आत मी त्याच्या बरगड्या चाचपत होते. मोडलं काही नव्हतं.

"बघितलंस?" त्यानं विचारलं.

"बघितलं."

"मला बघायचंच होतं. म्हणून मी उर्सला... मुद्दाम पडलो नाही मी, देवाशपथ. बार चुकला. पण पडताना एकच विचार आला, आता कळेल." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "असाच येत होता तो. अगदी असाच. आणि मी उठलो, वसुधा. काहीच झालं नाही मला. नुसता श्वास गेला."

माझा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लिव्हिओ होता. रेटोचा फोन बंद होता म्हणून मला केला होता. "त्याला दे," एवढंच म्हणाला.

रेटोनं फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मधे एकदा "हो का?" म्हणाला. शेवटी म्हणाला, "असेल. नाही, खरंच. तू म्हणतोस तसं असेल." आणि फोन मला परत दिला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझं पडणं वेगळं होतं. तू छातीवर आलास. मी डोक्यावरच येत होतो, तू हात लावायच्या आधीपासून. म्हणाला, त्या दिवशी घरी रागात बोललो, ते खोटं होतं. तू धरलं नसतंस तर मी मेलो असतो."

"मग?"

"मग काय? टीव्हीवर बघितलं त्यानं मला पडताना. मी गादीकडे बघत उभा राहिलो तेही बघितलं. त्याला कळलं." रेटो शर्टात हात घालू लागला. बरगड्या दुखत होत्या, म्हणून मी मदत केली. "आईला सांभाळतो तसं आता मला सांभाळायला निघालाय. आणि मी हो म्हणालो, कारण त्याला ते करायचंय. बाकी त्याला फारसं काही करता येत नाही."

त्या शरदात रेटोनं खेळ सोडला. गावी परतून चुलतभावाबरोबर घरांची छपरं बांधायला लागला. दर महिन्याला मात्र बेलिन्झोनाला जात राहिला. मोडकंतोडकं इटालियन शिकला आणि लिव्हिओ त्याच्या उच्चारांना खो खो हसायचा. लिव्हिओनं अभ्यास पुरा केला, नोकरी धरली. दोघं मिळून बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांना जायचे, हरणाऱ्या संघाला शिव्या द्यायचे. रेटोचं लग्न झालं, मुली झाल्या. धाकटीचं नाव ग्राझिएला.

म्हातारी ग्राझिएला मागच्या वर्षी गेली. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. अंत्यविधीला मी गेले होते. चर्चमधून सगळे घरी आले. रेटो अंगणात पाहुण्यांना कॉफी देत होता आणि लिव्हिओ माझ्याजवळ एकटाच होता. इतकी वर्षं मनात होतं, ते विचारून टाकलं.

"लिव्हिओ, खरं कुठलं? तू आधी घरी बोललास ते, की फोनवर बोललास ते?"

त्यानं अंगणाकडे पाहिलं. रेटोची धाकटी मुलगी बापाच्या हातातल्या ट्रेवरून बिस्किटं पळवत होती.

"मला त्यातलं काहीच आठवत नाही, वसुधा," तो म्हणाला. "मी पूड लावली, रेटोला हाक मारली, बारवर चढलो. त्यानंतर डोळे उघडले ते इस्पितळात. मधलं काही नाही. कधीच आलं नाही."

"मग त्या दिवशी..."

"तो माझ्या खोलीत येऊन माझ्यासमोर रडायला लागला. मला वाटलं, या खोलीत रडायचा हक्क माझा. म्हणून त्याला जे ऐकायची भीती होती, नेमकं तेच बोललो. आणि मग त्याला टीव्हीवर पाहिलं, त्या गादीकडे बघत उभा असलेला, तेव्हा..." त्यानं खांदे उडवले, जेवढे उडतात तेवढे.

"त्याला हे सांगितलंस?"

"कसं सांगू? आधी एक सांगितलं, मग दुसरं सांगितलं. दोन्ही मनानं रचलेली. आता तिसरं, खरंखुरं सांगायला गेलो तर त्याचा विश्वास बसेल?"

अंगणातून रेटोनं आमच्याकडे पाहून हात केला, कॉफी हवी का म्हणून.

"दोन आण," लिव्हिओ ओरडला. "आणि साखर विसरू नकोस!"